बाबांच्या ब्रिटिश मालिका मुलांना कशा दाखवाव्यात?

प्रश्न: माझे वडील पंचाहत्तरीचे आहेत. बँकेत नोकरीला असताना व्हिडिओ कॅसेट भाड्याने आणून ते ‘माइंड युवर लँग्वेज’, ‘फॉल्टी टॉवर्स’, ‘येस मिनिस्टर’ बघायचे. आता त्यांना ते सगळं पुन्हा बघायचंय, आणि ‘तसले नट आता होणे नाही’ हे वाक्य आम्हाला रोज ऐकायला मिळतं. माझ्या मुलांना सोबत बसवलं तर मागचं हसणं त्यांना खोटं वाटतं. चित्र मधेच बदलतं म्हणून ती वैतागतात. या मालिका खरंच चांगल्या होत्या, की बाबांना त्यांचं तरुणपण आठवतंय? आणि सुरुवात कशापासून करावी?

उत्तर:

तरुणपण आठवत असणारच, पण बाबांचं म्हणणं बरंचसं खरं आहे. मी मुंबईत मल्टिकॅमेरा स्टुडिओत व्हिजन मिक्सिंग केलं, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या अनेक कॅमेऱ्यांतलं कुठलं चित्र घ्यायचं ते बटण दाबून निवडायचं, आणि नंतर संकलनाकडे वळले. त्यामुळे या मालिका मी करमणुकीसाठी कमी आणि धंदा शिकायला जास्त बघितल्या. मुलांच्या दोन तक्रारी आधी घेते, कारण बाबांच्या वाक्याचं उत्तर त्यांच्यातच आहे.

पहिली तक्रार चित्राची. ‘फॉल्टी टॉवर्स’मध्ये हॉटेलमालक बॅसिल काउंटरमागे असतो तोवर चित्र लख्ख आणि सळसळतं असतं. तो दाराबाहेर गाडीकडे गेला की तेच चित्र एकदम मातकट, दाणेदार होतं. प्रत खराब आहे असं समजू नका. आतले प्रसंग स्टुडिओत, सेकंदाला 50 अर्धचित्रं (एक सोडून एक ओळींची) घेणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्यांनी व्हिडिओ टेपवर टिपलेले असायचे. हे कॅमेरे अवजड, मागे जाडजूड केबल, रस्त्यावर न्यायचे म्हणजे आख्खी वरात. म्हणून बाहेरचे प्रसंग 16 मिलिमीटर फिल्मवर, सेकंदाला 25 चित्रं या वेगाने घ्यायचे आणि नंतर जोडायचे. बीबीसीत ही रीतच होती. माँटी पायथन या विनोदी चमूने त्यावरच एक प्रहसन केलं. सभेतली माणसं एकामागून एक दार उघडून बाहेर डोकावतात, बाहेर फिल्म दिसते, आणि घाबरून परत येतात: आपल्याला फिल्मने घेरलंय! मुलांना आधी एवढंच सांगून ठेवा. दार उघडलं की चित्र बदलतंय का यावर ती पैजा लावतील.

दुसरी तक्रार हसण्याची. डबाबंद हशे लावलेल्या मालिका जगात भरपूर आहेत, पण तुम्ही ज्यांची नावं घेतलीत त्यांतलं हसणं खऱ्या माणसांचं आहे. त्यांतल्या बीबीसीच्या मालिकांसाठी लंडनच्या टेलिव्हिजन सेंटरमध्ये सेटसमोर उतरत्या बाकांवर तीनशेच्या आसपास प्रेक्षक बसायचे. चित्रीकरणाआधी एक विनोदवीर येऊन त्यांना खुलवायचा, मग नट यायचे. आता यातली गंमत बघा. बाहेरचे प्रसंग आधीच फिल्मवर झालेले असायचे, ते त्याच संध्याकाळी प्रेक्षकांना मॉनिटरवर दाखवायचे आणि त्यांचं हसू तिथल्या तिथे ध्वनिमुद्रित करायचे. म्हणजे रस्त्यावर चित्रीकरण करताना, समोर हसायला कुणीही नसताना, नटाने अंदाज बांधायचा की काही आठवड्यांनी स्टुडिओत इथे हशा येईल, तो अमुक इतका टिकेल, आणि तेवढी जागा आत्ताच सोडायची. जागा कमी पडली तर पुढचं वाक्य हशात बुडतं, जास्त झाली तर प्रसंग लोंबकळतो. संकलनाच्या टेबलावर हे थोडंफार सावरता येतं, पण हशा प्रतिमेला चिकटलेला असला की कात्री फारशी चालत नाही. ते नटालाच जमावं लागतं.

हे त्यांना जमायचं, कारण आठवडा तसा आखलेला असायचा. पश्चिम लंडनमध्ये ॲक्टनला बीबीसीची तालमीची एक उंच इमारत होती. नटमंडळी तिला थट्टेने ‘ॲक्टन हिल्टन’ म्हणत. तिथे जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्यांनी खोल्या, दारं, जिने आखलेले. सोमवार-मंगळवारपासून तालीम, शेवटी तंत्रज्ञांसाठी एक रंगीत तालीम, आणि मग एका संध्याकाळी दोनेक तासांत सगळा भाग क्रमाने प्रेक्षकांपुढे सादर करायचा. चुकलं तर थांबून पुन्हा करता यायचं, पण दुसऱ्या वेळी तोच विनोद प्रेक्षकांना माहीत झालेला असतो, त्यामुळे पहिल्याच फटक्यात साधायची धडपड.

हे वर्णन कुणाचं वाटतं? आपल्या नाटकवाल्यांचंच. माझं ठाम मत आहे की मराठी घरांत या मालिका रुजल्या त्या इंग्रजीच्या किंवा साहेबी थाटाच्या आकर्षणामुळे नव्हे. टीव्हीवर आलेलं ते बंदिस्त नाटक होतं, आणि एंट्री, एक्झिट, दारामागे लपलेला माणूस, हातात चुकीची वस्तू घेऊन आलेला नोकर, हे वाचायची आपल्या डोळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या सवय आहे. आपल्याकडे टेलिव्हिजन यायच्या आधी पु. ल. देशपांडे युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर बीबीसीत या माध्यमाचं शिक्षण घ्यायला गेले होते. नाटकवाल्याला तिथे फार परकं वाटलं नसेल असं मला नेहमी वाटतं.

‘फॉल्टी टॉवर्स’ या कसबाचं टोक आहे. 1975 मध्ये सहा भाग, 1979 मध्ये सहा, संपलं. जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ या जोडप्याने मिळून लिहिलं, 1979 चे भाग येईतो त्यांचा घटस्फोट झाला होता, तरी लेखन दोघांचंच. एका भागाच्या संहितेला जवळपास सहा आठवडे लागत, आणि पानं भरत ती अर्ध्या तासाच्या इतर कार्यक्रमांच्या जवळजवळ दुप्पट. मी व्हिजन मिक्सरच्या नजरेने बघते तेव्हा धडकी भरते. दुप्पट पानं म्हणजे जवळपास दुप्पट शॉट, म्हणजे तेवढ्याच संध्याकाळी दुप्पट बटणं दाबायची, आणि समोर बॅसिल झालेल्या क्लीझसारखा साडेसहा फुटी माणूस जिना-काउंटर-स्वयंपाकघर असा धावतोय. फ्रेममधून त्याचं डोकं कापलं जाऊ न देणं हीच कॅमेरामनची परीक्षा. गंमत म्हणजे ही संहिता पहिल्यांदा वाचणाऱ्या बीबीसीच्या अधिकाऱ्याने पात्रं ठोकळेबाज आहेत, हे काही चालायचं नाही, असा शेरा मारला होता. कागदावर फार्स मेलेलाच दिसतो. जिवंत होतो तो चौकटीत कोण कधी शिरतं यावर.

या मालिकेतला गोंधळलेला स्पॅनिश वेटर मॅन्युएल म्हणजे अँड्र्यू सॅक्स. हा मूळचा बर्लिनचा. वडील ज्यू, नाझींच्या छळामुळे कुटुंबाने 1938 मध्ये देश सोडला आणि मुलगा लंडनमध्ये वाढला. ज्या भागात बॅसिल जर्मन पाहुण्यांसमोर युद्धाचा विषय काढू नका म्हणत सतत तोच काढतो, त्याच भागात सॅक्स मार खाणारा स्पॅनिश नोकर करतोय. आगीच्या प्रसंगात जॅकेटमधून धूर काढण्यासाठी वापरलेल्या रसायनाने तो खरोखर भाजलाही होता. बॅसिलची बायको सिबिल झालेल्या प्रुनेला स्केल्स 2025 मध्ये गेल्या. उतारवयात स्मृतिभ्रंश झालेला असताना त्या नवऱ्याबरोबर, म्हणजे नट टिमथी वेस्ट यांच्याबरोबर, कालव्यांतून नाव चालवत फिरण्याचा कार्यक्रम करत होत्या. बाबांना तो आवडेल. मात्र सिबिलच्या हसण्याची आठवण ताजी असताना बघायला जड जातो.

आता ‘तसले नट’. हे नट आले कुठून? बहुतेक जण छोट्या गावांतल्या रेपर्टरी कंपन्यांतून. तिथली पद्धत अशी की रात्री या आठवड्याच्या नाटकाचा प्रयोग आणि दिवसा पुढच्या आठवड्याच्या नाटकाची तालीम. वर्षानुवर्षं असं घासून निघालेला माणूस चाळिशी-पन्नाशीत टीव्हीवर यायचा. म्हणून त्यांच्या दुय्यम भूमिकासुद्धा भरीव वाटतात. ती व्यवस्था आता त्या रूपात उरलेली नाही. तेव्हा ‘होणे नाही’ याचा अर्थ प्रतिभा आटली असा घेऊ नका, ती शाळा बंद पडली.

याचा उत्तम नमुना ‘डॅड्स आर्मी’. 1968 ते 1977, 80 भाग, जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट यांचं लेखन. विषय 1940 नंतरच्या होमगार्डचा: लष्करात घेता येणार नाहीत असे म्हातारे आणि पोरं, इंग्लंडच्या किनाऱ्यावरचं एक छोटं गाव, आणि जर्मन येतील म्हणून रोजची कवायत. बँकेचा मॅनेजर मेनवेरिंग स्वतःच कॅप्टन होऊन बसतो, आणि त्याच्याच बँकेतला त्याच्या हाताखालचा विल्सन सार्जंट. पण विल्सन वरच्या घराण्यातला, उंची शाळेत शिकलेला, आणि ते मेनवेरिंगला जन्मभर सलतंय. आर्थर लोव्हने हे सगळं चष्म्याच्या वरून बघण्यात आणि छाती काढण्यात दाखवलं, जॉन ले मेझ्युरियरने नुसती भुवई उचलून. संवाद नसलेल्या क्षणांत या दोघांचे चेहरे बघा. दिग्दर्शक तिथे क्लोज-अप घेत नाही, दोघांना एकाच चौकटीत ठेवतो. आजचा संकलक पाच वेळा कापेल तिथे एकदाही कापलेलं नाही. बँकेत आयुष्य गेलेल्या तुमच्या बाबांना हे मॅनेजर-क्लार्क प्रकरण माझ्यापेक्षा जास्त कळेल.

या पलटणीतला सगळ्यात मऊ माणूस गॉडफ्री. सतत लघुशंकेला जायची परवानगी मागणारा, बहिणींच्या केकचं कौतुक सांगणारा म्हातारा. ही भूमिका करणाऱ्या अर्नल्ड रिडलीचा जन्म 1896 चा. 1916 मध्ये, पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत तो जबर जखमी झाला, डावा हात कायमचा अधू झाला. पुढे नाटककार झाला, त्याचं ‘द घोस्ट ट्रेन’ हे नाटक तुफान चाललं. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा लष्करात गेला. 1969 च्या ‘ब्रँडेड’ नावाच्या भागात असं कळतं की पहिल्या महायुद्धात गॉडफ्रीने बंदूक धरायला नकार दिला होता. मेनवेरिंग भडकतो, पलटण त्याला वाळीत टाकते. मग धुराने भरलेल्या खोलीत सरावाच्या वेळी मेनवेरिंग कोसळतो आणि त्याला बाहेर ओढून काढतो तो गॉडफ्रीच. अंथरुणावर पडलेल्या गॉडफ्रीला भेटायला सगळे जातात तेव्हा भिंतीवर फोटो दिसतो, छातीवर पदक. हा माणूस सोमच्या रणांगणावर वैद्यकीय पथकात होता, गोळीबारात जखमींना उचलून आणत होता. ज्या नटाने त्याच लढाईत संगिनीचे घाव खाल्ले, तो हातात बंदूक न घेणाऱ्याची भूमिका करतोय, आणि एक शब्दही जोरात बोलत नाही. अर्ध्या तासाची विनोदी मालिका ही. मुलांना हा भाग दाखवाच, पण आधी साधे तीन-चार भाग होऊ देत, गॉडफ्री त्यांच्या ओळखीचा होऊ दे.

‘ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस’ आपल्याकडे तुलनेने कमी बघितली गेली. लंडनच्या पेकम भागातल्या बोलीचा अडसर होता. तिकडे मात्र 1996 च्या नाताळातला भाग 2 कोटी 43 लाख लोकांनी बघितला. तिच्या 1982 च्या एका भागातला झुंबराचा प्रसंग शिकवायच्या लायकीचा आहे. डेल आणि रॉडनी हे भाऊ शिड्यांवर चढून एका झुंबराखाली चादर ताणून उभे. आजोबा वरच्या मजल्यावर त्याचा बोल्ट सैल करतायत. दोघांची नजर वर, आपलीही त्याच झुंबरावर. वरून ठोके ऐकू येतात, आणि कोसळतं ते दुसरंच झुंबर. सगळी मजा आहे ती पुढच्या शांततेत. दोघं जागचे हलत नाहीत, चादर तशीच ताणलेली. झुंबर एकच फोडायला मिळणार होतं, म्हणून हसलास तर नोकरी गेली असा दम दिग्दर्शकाने रॉडनी झालेल्या निकोलस लिंडहर्स्टला भरला होता, असं सांगतात. लेखक जॉन सलिव्हनने हा किस्सा स्वतःच्या वडिलांकडून ऐकला होता. हे चित्रीकरण स्टुडिओबाहेरचं, म्हणजे त्या शांततेची लांबी नटांनी प्रेक्षकांशिवाय ठरवलेली. घड्याळ लावून बघावी अशी आहे.

‘येस मिनिस्टर’बद्दल थोडक्यात, कारण बाबांना ती पाठच असेल. 1980 ते 1988, पुढची मालिका ‘येस, प्राइम मिनिस्टर’ धरून 38 भाग. मंत्र्याचा पक्ष कुठला हे कधीच सांगितलं नाही, आणि त्यामुळे ती शिळी झाली नाही. मंत्र्याचा सचिव झालेल्या नायजेल हॉथॉर्नने ती मैलभर लांब वाक्यं एका दमात म्हणणं हे शुद्ध रंगमंचावरचं पाठांतर. आपल्याकडे 2001 मध्ये ‘जी मंत्रीजी’ आली, फारुख शेख मंत्री आणि जयंत कृपलानी सचिव. नक्कल म्हणून लोक नाक मुरडतात, मला ती चांगली वाटली. फाइल, टिपण, ‘विचाराधीन’ हा सगळा संसार साहेब इथेच ठेवून गेलाय, तेव्हा पात्रांना नवे कपडे फारसे शिवावे लागले नाहीत.

याच मंत्र्याला, म्हणजे पॉल एडिंग्टनला, ‘द गुड लाइफ’मध्ये बघा. त्यात नोकरी सोडून परसात बटाटे-डुकरं वाढवणाऱ्या जोडप्यातली बायको म्हणजे फेलिसिटी केंडल. तिचं बालपण भारतात, आईवडिलांच्या फिरत्या शेक्सपिअर मंडळीत गेलं. बहीण जेनिफरने शशी कपूरशी लग्न केलं आणि दोघांनी 1978 मध्ये जुहूला पृथ्वी थिएटर उभं केलं. मुंबईकराला हा धागा माहीत असायला हवा.

आता जे बाबांना आवडणार नाही ते. परदेशी लोकांच्या इंग्रजीच्या वर्गावरची ‘माइंड युवर लँग्वेज’ मुलांना दाखवताना सांभाळा. 1977 ते 1979 मध्ये ती आयटीव्ही या खासगी वाहिनीवर होती आणि ती बनवणाऱ्या लंडन वीकएंड टेलिव्हिजनचे अधिकारी मायकल ग्रेड यांनी वांशिक साचेबंदपणामुळेच ती बंद केली. आपण तेव्हा पोट धरून हसलो, कारण वर्गात आपल्यासारखं कुणीतरी दिसत होतं. टीव्हीवर तेही दुर्मीळ होतं. अली झालेला डिनो शफीक ढाक्याचा, रणजीत झालेला अल्बर्ट मोझेस श्रीलंकेत जन्मलेला. ही कसलेली माणसं मिळेल त्या चौकटीत काम करत होती. विनोद बहुतेक वेळा उच्चारावर अडतो, लेखन पातळ आहे, आणि तिसऱ्या भागापासून तेच ते वाटायला लागतं. तिच्यावरून हिंदीत केलेली पंकज कपूरची ‘जबान संभाल के’ मला तिच्यापेक्षा सरस वाटते.

आणि देवळाली! ‘डॅड्स आर्मी’च्याच पेरी-क्रॉफ्ट जोडीची ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ (1974 ते 1981) सुरुवातीला आपल्या नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत घडते. जिमी पेरी स्वतः तिथल्या लष्करी करमणूक पथकात होता. चित्रीकरण मात्र सगळं इंग्लंडात, आणि रंगी राम हा भारतीय ‘बेअरर’ केला तोंडाला रंग फासून एका गोऱ्या नटाने, मायकल बेट्सने. तो झाशीत जन्मलेला, हिंदुस्थानी बोलणारा, त्यामुळे त्याचे उच्चार खोटे नाहीत. रंग मात्र खोटाच. बीबीसी ती आता पुन्हा दाखवत नाही. नाशिककराने कुतूहलापोटी एखादा भाग जरूर बघावा. घरातल्यांना एकत्र बसवून दाखवायची ही मालिका नव्हे.

‘तेव्हाचं सगळंच चांगलं’ हे बाबांनी म्हटलं तर एक गोष्ट सांगा. दोन इंची व्हिडिओ टेप महाग होती, नटांच्या संघटनेशी असलेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा होत्या, म्हणून बीबीसी जुने कार्यक्रम पुसून त्याच टेपवर नवे घ्यायची. ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा मालिकेचे 90 हून जास्त भाग आजही सापडलेले नाहीत. ‘डॅड्स आर्मी’च्या दुसऱ्या पर्वातले तीन गेले ते गेलेच. पीटर कुक आणि डडली मूर हे विनोदवीर स्वतःच्या कार्यक्रमाच्या टेपचे पैसे द्यायला तयार होते, तरी तो बराचसा पुसला गेला. यात सोनं गेलं तसा गाळही भरपूर गेला. जे उरलं आणि पुन्हापुन्हा दाखवलं गेलं, त्यावरून आपण सगळ्या काळाचा हिशेब मांडतो.

बघायला बसण्याआधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जा. ‘मोशन स्मूदिंग’ किंवा तत्सम नावाचा पर्याय बंद करा. फिल्मच्या भागाचा तो पार चोथा करतो. चित्र जुन्या टीव्हीच्या 4:3 या आकारावरच ठेवा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येऊ देत. ताणून पडदा भरलात तर क्लीझ जाडा होतो. वरून-खालून कापून रुंद केलेली प्रत तर घेऊच नका, फार्समध्ये पाय आणि दाराची कडी दिसावीच लागते. ऑनलाइन मिळणाऱ्या अनेक प्रतींत सेकंदाची 50 अर्धचित्रं 25 वर आणलेली असतात, त्यामुळे स्टुडिओतला तो जिवंतपणा जातो. डीव्हीडी मिळाली तर ती बरी. इंग्रजी सबटायटल लावा, बाबांनी नको म्हटलं तरी लावा.

सुरुवात ‘फॉल्टी टॉवर्स’च्या 1979 मधल्या उंदराच्या भागापासून करा. मॅन्युएलने ‘हॅमस्टर’ समजून उंदीर पाळलाय आणि आरोग्य खात्याचा निरीक्षक जेवायला बसलाय, यात समजवायचं काही उरत नाही. मग ‘डॅड्स आर्मी’ तिसऱ्या पर्वापासून, ते रंगीत आहे. कृष्णधवल भाग मुलं रुळल्यावर. ‘येस मिनिस्टर’ दहावीच्या आतल्या मुलांना दाखवू नका, कंटाळतील आणि पुन्हा फिरकणार नाहीत. मिस्टर बीन त्यांनी पाहिलेला असणारच. त्याचे मूळ भाग फक्त 15 आहेत हे सांगून बघा, बाबासुद्धा विश्वास ठेवणार नाहीत.